वाफशाचं बटण कुठे आहे? सेन्सर बनवणाऱ्या मुलामुलींना खुले पत्र

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, वागळे इस्टेटमध्ये आणि आसपास जिथे कुठे जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर बनतात, तिथल्या इंजिनिअर मुलामुलींना,

स. न. वि. वि.

मी तुमचा ग्राहक आहे आणि एकेकाळचा शेजारीही. रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत २३ वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशर, लेव्हल, टेम्परेचर, सगळे ट्रान्समीटर (माप घेऊन सिग्नल पाठवणारी यंत्रं) याच हातांनी कॅलिब्रेट केले, म्हणजे खऱ्या मापाशी जुळवले. त्यांच्या सिग्नलचे चार ते वीस मिलिअँपिअर म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कंपनीने युनिट गुजरातला हलवलं तेव्हा हिशेब घेतला, ऐरोलीची भाड्याची खोली सोडली आणि मुरबाड तालुक्यात काळू नदीच्या अंगाला वडिलांची जमीन आहे तिथे परत आलो. पावसाळ्यात भात, भात निघालं की भेंडी, बांधाला घरापुरते वाल. भेंडीचा टेम्पो रात्री शिळफाटा-महापे करत वाशी मार्केटला जातो, म्हणजे तुमच्या ऑफिसांच्या दारावरूनच. तुम्ही नाइट शिफ्टला असाल तर आमचा माल रोज बघता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेतकरी गटाने वर्गणी काढून तुमच्यापैकी एका कंपनीचे दोन सेन्सर घेतले. नाव सांगत नाही. पोरं चांगली होती आणि चुका कमीजास्त सगळ्यांच्याच सारख्या आहेत. पांढरी पेटी, वर सोलर पॅनल, खाली दोन दांडे जमिनीत. दोन पोरं आली, अर्ध्या तासात बसवून, फोटो काढून गेली. एक पेटी माझ्या नदीकाठच्या भातखाचरात, दुसरी वर चुलतभावाच्या वरकस, म्हणजे चढावरच्या हलक्या जमिनीत. मोबाइलवर ॲप दिलं. ओलावा ३० टक्क्यांच्या खाली गेला की पाणी द्या, वर असेल तर देऊ नका. एवढं सोपं.

आठवड्याभरात वरची पेटी बोंबलायला लागली. चुलतभाऊ पाणी सोडायचा, ठिबकच्या नळ्या बंद करून घरी यायचा, भाकरी खायला बसायचा की मोबाइल वाजायचा: तुमच्या पिकाला पाण्याची गरज आहे. परत जायचा. परत पाणी. खालच्या बांधातून पाणी पाझरून वाट ओली झाली तरी ॲपचं समाधान होईना. आणि माझ्या खाचरात नेमकं उलटं. दुपारी दोनला भेंडीची पानं लोंबलेली, मी बांधावर उभा, आणि मोबाइलवर हिरवी खूण: ४२ टक्के, ओलावा पुरेसा.

गावात काय बोलले असतील ते तुम्ही ओळखा. मला मात्र हसू आलं नाही. २३ वर्षांत मी एकही ट्रान्समीटर असा लाइनला लावला नव्हता की ज्याचा झीरो आणि स्पॅन (मापाचं खालचं टोक आणि आवाका) तपासलेला नाही. आणि इथे घरच्या पिकाला तसाच लावून मोकळा झालो होतो.

म्हणून मी जे केलं ते सांगतो. तुमच्याकडे यापेक्षा चांगली साधनं असतील, पण तुमच्यापैकी कुणी हे आमच्या मातीत केलेलं दिसलं नाही. स्टीलच्या पाइपाचा एक तुकडा कापला. आतला व्यास पाच सेंटिमीटर, उंची सहा. म्हणजे आत मावते ११८ घनसेंटिमीटर माती. सेन्सरच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर, त्याच खोलीला तो हळूच ठोकून न दाबता, न विस्कटता मातीचा गाभा काढला. सोनाराकडून छोटा काटा मागून आणला. ओली माती १९५ ग्रॅम. मग ती वाळवायची. प्रयोगशाळेत १०५ अंशाला चोवीस तास ठेवतात. माझ्याकडे गॅस आणि जुनी कढई. मंद आचेवर परतत राहिलो, वजन उतरायचं थांबेपर्यंत. बायको म्हणाली, आता तेवढी फोडणी घाला. शेवटी १५३ ग्रॅमवर काटा थांबला. ४२ ग्रॅम पाणी गेलं. ४२ भागिले ११८, म्हणजे ३६ टक्के. त्या वेळी ॲपवर होते ४७.

अकरा टक्क्यांची तफावत. केमिकल प्लांटमध्ये लेव्हल एवढी चुकली असती तर टँक ओसंडून माझी नोकरी गेली असती.

सेन्सर खोटा नव्हता, हेही सांगतो. तो ओलावा मोजतच नाही. मातीची वीज साठवण्याची ताकद मोजतो. त्या ताकदीचं माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक: पाण्याचा ८०च्या आसपास, मातीच्या कणांचा चार-पाच, हवेचा एक. त्यामुळे पाणी वाढलं की आकडा वाढतो, कल्पना छान आहे. पण आमच्या खाचरातली चिकण काळी माती आणि तुमच्या टेबलावर कुंडीत ठेवलेली माती एक नव्हे. चिकणमाती त्या सिग्नलला आपला रंग लावते. खारटपणा लावतो. मी ठिबकमधून एकोणीस-एकोणीस खत सोडलं की पाणी तेवढंच असून आकडा चढतो, दोन दिवसांनी उतरतो. आणि दांडा बसवताना भोक मोठं पाडून वरून भुसभुशीत माती लोटली असेल, जशी माझ्याकडे लोटली होती, तर पाणी त्या भोकातूनच खाली धावतं आणि सेन्सर शेताचा नाही, त्या भोकाचा ओलावा सांगतो. मी नंतर दांडे उपटून त्याच मातीचा पातळ चिखल करून, त्यात रोवून परत बसवले, तेव्हा वाचन जरा माणसात आलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या ॲपमध्ये टक्के आहेत, आलेख आहेत, लाल-हिरवी वर्तुळं आहेत. वाफसा कुठेच नाही.

शहरात वाढला असाल तर आईवडिलांना विचारा, त्यांच्या गावाकडे हा शब्द असणारच. पाऊस पडून किंवा पाणी देऊन झाल्यावर जास्तीचं पाणी निचरून जातं, मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत पाणी राहतं. मुळांना श्वासही मिळतो आणि पाणीही. तो वाफसा. तुमच्या पुस्तकात त्याला फील्ड कपॅसिटी म्हणतात, पण आमच्या शब्दात हवेचाही हिशेब आहे, नुसता पाण्याचा नाही. माझे वडील मूठभर माती उचलून लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचे. लाडू वळलाच नाही तर कोरडं. पडून थापला गेला तर ओलं. पडून फुटला, भुगा झाला, तर वाफसा. हा आमचा सेन्सर. शून्य बॅटरी, शून्य रिचार्ज. त्याची अडचण एवढीच की तो वरच्या वीतभर मातीचं सांगतो आणि माणसाला तिथे जावं लागतं. त्यापुढे मदत करा, एवढंच तुमच्याकडून हवं होतं.

वाफसा सगळ्या जमिनींत एका आकड्याला येत नाही, सगळी गोम इथे आहे. माझ्या खाचरात मी चार वाफे भरपूर भिजवले, वरून मल्चिंगचा कागद टाकला म्हणजे ऊन ओढणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी ॲप बघितलं: ५१. ही माझी वरची खूण. मग त्याच्या शेजारच्या ओळीचं पाणी तोडलं आणि भेंडीने सकाळीही मान टाकेपर्यंत थांबलो. ३५च्या आसपास. ही खालची. या दोहोंच्या मधला ओलावा पिकाचा. त्यातला एक तृतीयांश, फार तर निम्मा संपला की भाजीपाल्याला पाणी द्यायचं. म्हणजे माझा आकडा ४५च्या आगेमागे. तुमच्या ३०पर्यंत थांबलो असतो तर भेंडीच्या काड्या गोळा करून चुलीत घालाव्या लागल्या असत्या. चुलतभावाच्या वरकसात, जिथे तांबडी, मुरमाड, हलकी माती आहे, तीच परीक्षा केली तर वाफसा आला २३ला. ती जमीन ३०वर टिकूच शकत नाही. ॲप तिला आयुष्यभर तहानलेली समजत राहिलं असतं आणि तो बिचारा पाणी ओतत राहिला असता. एकच तालुका, एकच कुटुंब, दोन शेतांत चढ तेवढा पन्नास पावलांचा.

तर मागणी ही. ॲपमध्ये एक बटण द्या: आज वाफसा. शेतकऱ्याने रान भिजवावं, दोन-तीन दिवस थांबावं, मातीचा लाडू टाकून बघावा, आणि बटण दाबावं. तिथून पुढे यंत्राने ते शंभर धरावं. टक्के दाखवूच नका. त्या वाफशापासून किती खाली आलो ते दाखवा. कॅलिब्रेशनचा हा अर्धा भाग शेतकरी फुकटात करून देतो, तुम्ही फक्त विचारायचं होतं.

नाहीतर टक्क्यांचा नाद सोडून ताण मोजा. पिकाला मातीत किती लिटर पाणी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ते ओढायला किती जोर लागतो, एवढं त्याला कळतं. टेन्शिओमीटर तेच मोजतो: पाण्याने भरलेली नळी, खाली मातीची सच्छिद्र टोपी, वर गेज. वाफशाला हलक्या मातीत १० सेंटिबारच्या (हे ताणाचं माप) आसपास, भारी मातीत ३०च्या आसपास, आणि ८०च्या पुढे नळीत हवा शिरून तो थकतो. पण भाजीपाल्याला तिथपर्यंत जाऊच द्यायचं नसतं, त्यामुळे आम्हाला तो पुरतो. गेज वाचणं माझ्या धंद्याचं होतं म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे, हे मान्य.

दिवेवाली यंत्रंही आहेत. कोइंबतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने दांडा मातीत खुपसला की रंगीत दिवा लागतो असं साधन केलं आहे: निळा म्हणजे भरपूर, हिरवा पुरेसा, मग नारिंगी, मग लाल. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने कॅमेलिऑन नावाचं असंच साधन मोझांबिक, टांझानिया, झिंबाब्वेतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या हातात दिलं. निळा, हिरवा, लाल, आणि तेही ताणावर चालतं. आमच्या काकूला स्मार्टफोन वापरता येतो, पण तो नातवाकडे असतो. बांधावरच्या खांबाला दिवा असेल तर ती गवताचा भारा घेऊन जाता जाता सांगेल, आज पाणी नको.

पाणी का वाचवायचं, हेही तुमच्या जाहिरातीत नीट बसलेलं नाही. तुम्ही म्हणता वीजबिल वाचेल. अहो, एप्रिल २०२४पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला बिलच नाही. तुम्ही म्हणता पाण्याची बचत म्हणजे राष्ट्रसेवा. आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तानसा आहे, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. तिथल्या माणसाला पाणी वाचवायचं भाषण देऊन बघा. उत्तर मिळेल, ते पत्रात लिहिण्यासारखं नसेल.

खरा फायदा वेगळाच आहे आणि तो मला सेन्सर दुरुस्त केल्यावर कळला. माझ्या २० गुंठ्यांत ठिबक आहे. ठिबकला लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे नळ्या गावात सगळ्यांकडे आल्या. किती वेळ चालवायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही. सगळे दोन तास चालवतात म्हणून मीही दोन तास. एक दिवस बसून हिशेब केला. ओळी चार फुटांवर, ड्रिपर ४० सेंटिमीटरवर, प्रत्येकी तासाला चार लिटर: ४,२०० ड्रिपर, तासाला जवळजवळ १७,००० लिटर. थंडीत भर वाढलेलं पीकही इकडे दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी ओढतं. २० गुंठ्यांना चार मिलिमीटर म्हणजे ८,००० लिटर. अर्धा तास! मी चौपट ओतत होतो, आणि त्या पाण्याबरोबर विकतचं खत मुळांच्या खाली, तिथून काळू नदीला. दरवर्षी ओळीच्या ओळी मर (झाडं सुकून मरायचा रोग) लागून जायच्या, ती आम्ही बियाण्याच्या नावाने खपवायचो. पाणी कमी केल्यापासून खताची एक गोणी कमी लागते आणि मरीच्या जागा मोजण्याइतक्या राहिल्यात. मर फक्त पाण्यानेच थांबली असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण गोणीची पावती माझ्याकडे आहे.

एक गोष्ट तुमच्या खालच्या दांड्याने शिकवली, त्याचं श्रेय तुम्हाला. भातासाठी खाचरात चिखलणी करतो, पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे वीतभर खाली घट्ट थर बसलेला असतो; पाणी अडवायला भाताला तो हवाच असतो. मी एक दांडा त्या थराच्या वर आणि एक खाली बसवला होता. डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा गेला, खालचा दांडा हलेना. पावसाचं पाणी अजून तिथे बसलेलं. बघता बघता आजीचे वाल आठवले. भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे, एक तांब्या पाणी न देता शेंगा यायच्या, आणि आम्ही ते वाल खाऊन मोठे झालो. भेंडी आली, ठिबक आलं आणि ती ओल आम्ही विसरलो. आता भेंडी टाकण्याआधी त्या थराला दर तिसऱ्या ओळीत लोखंडी पहारीने भोकं पाडतो, मुळं खाली उतरतात, आणि पहिले तीन आठवडे पाणी अगदी बेताचं देतो. मात्र लक्षात घ्या, हा थर माहीत नसता तर खालच्या दांड्याचा आकडा बघून मी मार्चमध्येही पाणी रोखलं असतं. मुळं वर आणि ओलावा खाली, मधे कवाड बंद.

आणि ऑटो. तुमच्यापैकी कुणी पंपाच्या पेटीत डोकावलं का? आमच्याकडे थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून नदीवर कोण जाणार, बिबट्या फिरतो. म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो लावलेला. लाइट आली की पंप आपोआप सुरू, गेली की बंद. तुमचं ॲप पाणी देऊ नका म्हणतं तेव्हा पाणी चार तास वाहून झालेलं असतं. मी स्टार्टरच्या कंट्रोल वायरीत एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) टाकला आणि तो पेटीतून चालवला: वाफसा आहे तोवर ऑटो मुका. हे जुगाड मला येतं, शेजारच्याला येणार नाही, आणि त्याने वायरीत हात घालावा असं मला वाटतही नाही. ते तुम्ही पेटीतच द्या. तेवढ्यासाठी मी जास्त पैसे मोजीन. आलेखासाठी मोजणार नाही.

नेटवर्कचं काय लिहू. नाणेघाटाच्या बाजूचे डोंगर तुमच्या सर्व्हरला दिसत नाहीत. आमच्या शिवारात रेंज वडाच्या झाडाखाली येते, बाकी ठिकाणी नशिबावर. पेटीने निर्णय जागच्या जागी घ्यावा, ढगात पाठवून परत येण्याची वाट बघू नये. दरवर्षीची वर्गणी भरली नाही म्हणून सेन्सर बंद पडला, असं आमच्या गटात झालं आहे. यंत्र आमचं, माती आमची, आणि आकडा मात्र कुलपात. वजनकाटा विकणारा दरवर्षी वजन दाखवायचे पैसे घेत नाही.

प्रत्येकाला पेटी विकायचा हट्टही सोडा. एका जातीच्या मातीत दहा शेतकऱ्यांना एक पेटी पुरते, बाकीचे लाडू टाकून ताळा बघतील. आमच्या भागातल्या जमिनींवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने वर्षानुवर्षं काम केलं आहे, १९७२पासूनचं विद्यापीठ आहे ते. त्यांच्याकडून मातीचे गट समजून घेऊन मग या. नाशिकची द्राक्षं आणि बारामतीचा ऊस यांचे आकडे घेऊन आमच्या खाचरात येऊ नका. आमच्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. असलं गणित तिकडे नाही.

यायचं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या, भात झोडून झालेलं असतं आणि खाचरं रिकामी असतात. कल्याण स्टेशनहून मुरबाडची एसटी मिळते, पुढे मी मोटरसायकल घेऊन उभा राहीन. तीन दिवस काढा, कारण भिजवल्यावर थांबावं लागतं. पाइपाचा तुकडा, काटा, कढई इथे आहे. कढई आता मातीचीच झाली आहे, घरात घ्यायला मनाई आहे.

आपला,
रबाळ्याचा जुना इन्स्ट्रुमेंटवाला, सध्या भेंडीवाला, मुरबाड

ता. क. केबल साध्या वायरीची आणू नका. पहिल्या वर्षी उंदरांनी तीनदा कुरतडली. आता अर्ध्या इंची जीआय पाइपातून नेली आहे, त्या पाइपाचं बिल कुणाला पाठवायचं तेही कळवा.